शिफारस येथे मिळेल

आमच्या घरी नोकरी मिळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हे वाचूनही कुणी ना कुणी फाइल घेऊन येणारच, अशी माझी खात्री आहे. आमच्या घरी उत्पन्नाचा दाखला, कंपनीचा गेटपास किंवा कुणा साहेबाचा नंबर यातलंही काही मिळत नाही. पाणी मिळतं. फाइल नसेल तर चहासुद्धा मिळतो.

सगळं सुरू झालं ते माझ्या मुलीच्या, रियाच्या वहीतल्या एका ओळीवरून. 'रिया वर्गात बोलत नाही. पालकांनी भेटावे.' भेटावे या शब्दाखाली लाल पेनानं दोन रेघा. एकच रेघ असती तर त्या दुपारी मी जेवले असते.

भेटले. रियाच्या बाई फार चांगल्या आहेत, तीच अडचण आहे. ओरडणाऱ्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लेखी उत्तम आहे हो तिचं. पण तोंडीला मान खाली घालून उभी राहते. मुलं हसायला लागलीत आता. सहामाहीपर्यंत बघू, नाही तर पनवेलला कुणाला तरी दाखवून घ्या." हे 'दाखवून घ्या' माझ्याबरोबर रिक्षात बसलं, घरी आलं, आणि कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत रिया दहावीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली होती, मुलाखतीत गप्प बसली होती आणि वयाच्या साठाव्या वर्षी पोस्टाच्या खिडकीशी नुसती उभी राहून परत आली होती. लोक याला काळजी म्हणतात. मी फक्त पुढचं बघते.

रिया घरात बोलते. पण एका वेळी एका माणसापुरतं. दुसरं माणूस खोलीत आलं की लाइट गेल्यासारखा आवाज जातो. वाचते मात्र अधाशासारखी. नऊ वर्षांच्या पोरीनं वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडलेला नाही. पुस्तक कसं होतं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं होतं." कासवाचं पुस्तक, बरं होतं. भुताचं पुस्तक, बरं होतं. माझ्या स्वयंपाकाबद्दल तिच्या बाबांचं, म्हणजे प्रीतमचं, मतही गेली अकरा वर्षं याच दोन शब्दांत आहे, त्यामुळे हे कुणाच्या घराण्यातून आलं ते शोधायची गरज पडली नाही.

समोरच्या दारातल्या हाजराला मी हे सांगितलं. सांगितलं म्हणजे तिनं माझं तोंड बघून काढून घेतलं.

"अगं, त्यात रडायचं काय? पोपटाचा उष्टा पेरू दे तिला. आमच्या ओवेसला दिला होता, आता बंद होत नाय."

ओवेस बारा वर्षांचा आहे आणि खरंच बंद होत नाही. आता मी बी.ए. आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पेरू मी धुऊन दिला.

पेरूनं खोकला झाला. दोन दिवस रिया खोकली, तेवढाच काय तो आवाज.

मग मला कल्पना सुचली. दर रविवारी दहा वाजता आमच्या गॅलरीत मुलांनी जमायचं, वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, आवडलं असेल तर दुसऱ्याला सुचवायचं. बाकीची पोरं बोलताना बघून रियाही बोलेल. आपल्याच घरात असल्यामुळे आपण चारचौघांत आहोत हे तिच्या लक्षातसुद्धा येणार नाही. योजना मला इतकी निर्दोष वाटली, की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

पहिल्या रविवारी चार मुलं आली, म्हणजे घरची रिया धरून चार. ओवेस, त्याची धाकटी बहीण कशिश आणि वरच्या मजल्यावरची हर्षला. ओवेसनं पंधरा मिनिटांत तीन पुस्तकांचे शेवट सांगून टाकले. कासव पोहोचतं, भूत म्हणजे मामाच असतो आणि कुत्रा मरतो. कुत्र्याचं पुस्तक त्या क्षणी कशिशच्या मांडीवर उघडं होतं, पान चौदा. तिनं जो सूर लावला तो हाजरा लाटणं घेऊन आली तरी थांबेना. त्या दिवशी आमच्या या वाचक मंडळाचा पहिला आणि शेवटचा नियम झाला. हर्षलानं तो खडूनं भिंतीवर लिहिला: शेवट सांगायचा नाही.

आणि रिया? रियानं खडू आणून दिला.

बोलत नाही तर निदान लिहू दे, म्हणून मी चिठ्ठ्या तयार केल्या. पुस्तकाचं नाव, काय आवडलं, काय आवडलं नाही, कोणी वाचावं. चिठ्ठी भरून पुस्तकात ठेवायची, म्हणजे पुढच्याला कळेल. या चिठ्ठीला नाव काय द्यायचं यावर मी दोन दिवस घालवले. 'परीक्षण' म्हटलं तर मुलं परीक्षा समजून पळतील. 'अभिप्राय' म्हटलं की बिल भरताना हॉटेलवाला पुढे करतो ती वही आठवते. 'मत' हा शब्द मला पसंत होता, पण प्रीतम म्हणाला, "पंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय. दारावर मत लिहिशील आणि आचारसंहितावाले येतील." प्रीतम विनोद करत होता. मी आचारसंहितावाले जिना चढताना पाहिले. राहिला एक शब्द: शिफारस. भारदस्त, सोपा आणि निरुपद्रवी. हा शब्द मी निवडला. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या बाईनं.

पाटी करायची ही हौस हाजराची. तिचा नवरा शकूरभाई, त्यांचं जुन्या हायवेवर, चौकच्या थोडं अलीकडे टायरचं गॅरेज आहे. तिथं सहदेव नावाचा पेंटर ट्रकचे मागचे फाळके रंगवतो. मी त्याला सुवाच्य अक्षरात मजकूर दिला होता: 'वाचलेल्या पुस्तकांची शिफारस येथे मिळेल. बालवाचक मंडळ. रविवार १० ते १२.' पाटी आली ती ट्रकच्या फाळक्याचाच तुकडा होती. दोन्ही बाजूंना मोर. मधोमध लाल अक्षरांना पिवळी सावली देऊन: शिफारस येथे मिळेल. रविवार १० ते १२. आणि अगदी खाली, जिथे ट्रकवर मालकाचा फोन नंबर असतो, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात 'वाचलेल्या पुस्तकांची' आणि 'बालवाचक मंडळ'.

"जागा पुरली नाय वैनी," सहदेव म्हणाला, "पन मेन मॅटर बसवलाय."

पाटी बिल्डिंगच्या फाटकाला लागली. मुंगी अक्षरांवर दोन दिवसांत कुंडीतला वेल उतरला.

पुढच्या रविवारी दहा वाजता मी दार उघडलं तर जिन्यावर सात पुरुष आणि दोन बायका. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या फाइली. पहिल्या गृहस्थांनी पायातली चप्पल काढून मला नमस्कार केला.

"वैनी, प्रीतमसाहेबांच्या कानावर घाला. पोराचा आयटीआय झालाय. फिटर."

इथे खुलासा करायला हवा. प्रीतम रसायनीच्या एका कंपनीत जातो. सकाळी बस येते, तो हेल्मेट काखेत धरून चढतो, गळ्यात ओळखपत्र असतं. गावाला हेल्मेट आणि ओळखपत्र दिसतं. तो नऊ वर्षं कंत्राटी आहे, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ज्याला स्वतःला कायम करायला कुणाची शिफारस मिळाली नाही, तो त्या क्षणी बनियनवर आतल्या खोलीत लपला होता.

"अहो, पुस्तकांची शिफारस!" मी म्हटलं. "पुस्तकांची!"

"हो हो, मार्कशीटपन आणलंय."

मी समजावत होते तोवर ओवेसनं मागून येऊन कारभार हातात घेतला होता. तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन पायरीवर बसला आणि एका मिशीवाल्या काकांना विचारत होता, "नाव? काय आवडलं? काय आवडलं नाय?" काकांनी जरा विचार करून सांगितलं, "आधीच्या कंपनीत सुपरवायझर आवडला नाय. शेवटी त्यानंच—" ओवेस ओरडला, "शेवट नाय सांगायचा!"

रिया दारामागे. एवढी माणसं बघून तिचा एका माणसापुरताही आवाज गेला. सोमवारी ती माझ्याशीही खुणेनं बोलली. मुलीला बोलतं करायला निघालेल्या मी तिला होती त्याहून मुकं केलं होतं. मी पाटी उतरवली. पण पाटी उतरवल्यावर बातमी अशी पसरली की शिफारशी आता फक्त ओळखीच्यांना मिळतात. गर्दी दुप्पट झाली.

घरमालकांनी बोलावून सांगितलं, "एवढं वजन गॅलरीला झेपायचं नाही." गॅलरी पडू शकते हे माझ्या यादीत कसं नव्हतं, याचाच मला धक्का बसला. म्हणून मी समाजमंदिराची जागा मागायला ग्रामपंचायतीत गेले. तिथले ग्रामसेवक भाऊसाहेब सौजन्यानं म्हणाले, "चांगला उपक्रम आहे. अर्ज द्या. सोबत शिफारस जोडा."

मी दोन पावलं मागे सरले. "कशाची शिफारस?"

"तुमची. अर्जदार बाई चांगल्या आहेत, अशी."

"कोणाची चालेल?"

"ओळखणाऱ्या कुणाचीही. बाईंबद्दल माहिती असणाऱ्या माणसाची." मग आवाज खाली आणून, "बाय द वे, तुमच्या मिस्टरांच्या कंपनीत माझ्या मेव्हण्याचं काही होईल का?"

मी घरी आले. स्वतःबद्दल चांगलं लिहून द्या, असं कुणाला म्हणायचं? हाजरा म्हणाली, "मी देते की. पण मराठी लिहायला तूच बस." माझी शिफारस मीच लिहायची, हे माझ्या शिक्षणाला पटेना. अर्ज तसाच राहिला आणि शकूरभाईंनी मंडळाला गॅरेजमध्ये जागा दिली. पोरं टायरांवर बसायची. शेजारी कॉम्प्रेसर घरघरायचा, समोरून हायवेचे ट्रक. टायर घरंगळेल, कॉम्प्रेसर फुटेल, ट्रक आत घुसेल या क्रमानं मी रविवार काढू लागले. एक फायदा झाला: गॅरेजात ग्रीस लागतं म्हणून फाइलवाले यायचे थांबले.

एक सोडून. मालनबाई.

मालनबाई साठीच्या पुढच्या. वीस वर्षं खडी मशीनवर काढल्यामुळे कानानं जवळजवळ गेलेल्या. चेहरा असा, की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. कर्जत रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर शनिवार-रविवार भाकऱ्या करायला बाई हवी होती. "म्याडम बोलली, कुनाची तरी शिफारस आन. तवा आले."

मी ओरडून सांगितलं, "मालनबाई, इथं पुस्तकांची शिफारस देतात! माणसांची नाही!"

"आसू दे," मालनबाई म्हणाल्या. "मी बसते. तुमचं झालं की द्या."

तीन रविवार त्या येऊन बसल्या. येताना फडक्यात पाच-सहा भाकऱ्या आणि लसणीची चटणी आणायच्या, पोरांच्या हातावर तुकडे ठेवायच्या आणि मग पोरं बोलतील तशी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. ऐकू काही येत नसे. बसायला जागा त्यांनी शोधली ती रियाच्या टायरवर. दोघी न बोलणाऱ्या एकाच टायरवर. एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी बोलत नाही, म्हणजे दोघींचं कुठेच अडत नव्हतं. मला मात्र वाटत होतं, झालं, हिला आता गप्प बसायला सोबतही मिळाली. सहामाही दहा दिवसांवर आली होती.

चौथ्या रविवारी मालनबाई म्हणाल्या, "म्याडम परवा दुसरी बाई बघनार हाय. आज तरी द्या."

मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात रियानं दप्तरातून एक चिठ्ठी काढून मालनबाईंच्या हातात दिली. भरलेली होती. कधी भरली देव जाणे.

मालनबाईंनी ती उलटी धरली, सुलटी धरली. "मला नाय वाचता येत गं बाय. वाचून दाव."

रियाचे ओठ हलले.

"आं?"

पुन्हा हलले. मला अर्धा शब्द ऐकू आला.

"आं? आगं, पोटातून वाच!"

"द्या, मी वाचतो," ओवेस पुढे झाला. मीही उठले होते. माझ्या पोरीचं चारचौघांत हसं होणार, ती रडणार, सोमवारपासून शाळेतच जायचं नाही म्हणणार, हे सगळं माझं पाहून झालं होतं. मालनबाईंनी आम्हा दोघांना हातानं खाली बसवलं. "तुमी नका. जिनं लिवलंय ती वाचंल."

रियानं माझ्याकडे बघितलं. मग ती टायरवर चढून उभी राहिली. 'पडशील' हे मी तेव्हा म्हटलं, पण समोरून ट्रेलर चालला होता, त्यामुळे ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"पुस्तकाचं नाव!" रिया ओरडली. इतक्या मोठ्यानं, की कॉम्प्रेसरमागून सहदेवनं डोकं बाहेर काढलं. "मालनआजी!"

"हां," मालनबाई म्हणाल्या. "म्होरं."

"काय आवडलं! भाकरीची कड करपत नाही! आजी मधे मधे बोलत नाही! कुणी बोललं तर त्याचं सगळं संपेपर्यंत बघते! काय आवडलं नाही! मुखपृष्ठ रागीट आहे! त्यामुळे लोक उघडून बघत नाहीत! पण ते—"

इथे सहदेवनं कॉम्प्रेसर बंद केला. बिचाऱ्याला ऐकायचं होतं. ट्रेलरही पुढे गेला होता. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत माझ्या मुलीचा आवाज एकटाच उभा राहिला. शकूरभाई, सहदेव, टायर बदलायला आलेला एक ड्रायव्हर, सगळे तिच्याकडे बघत होते. मी पदराचं टोक दातात धरलं. आता गेला आवाज. आता गेला.

"पण ते फक्त मुखपृष्ठ आहे!" रिया त्याच पट्टीत म्हणाली. "कोणी वाचावं, ज्यांना भूक लागते त्यांनी! शेवट सांगणार नाही! शिफारस करते! रिया प्रीतम, चौथी ब!"

मालनबाईंनी चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचली. "येवडं मोप लिवलंस गं माज्यावर," एवढंच म्हणाल्या आणि उरलेली अख्खी भाकरी तिच्या हातावर ठेवली. ओवेस पहिल्यांदाच गप्प होता. हाजरानं माझ्या कानात सांगितलं, "बघ. पेरू उशिरा लागला."

मालनबाईंना काम लागलं. त्या मॅडमनी म्हणे ती चिठ्ठी फ्रिजला चिकटवून ठेवली आहे. काम शनिवार-रविवारचं, त्यामुळे मंडळाच्या भाकऱ्या बंद झाल्या, याचा ओवेसनं निषेध नोंदवला. आणि फाइलवाले ग्रीसची पर्वा न करता परतले. मी पुढे झाले की म्हणतात, "तुमची नको वैनी. बारक्या बाईंची पायजे."

सहामाही संपली. वहीत ओळ आली: 'रिया आता बोलते. फार मोठ्याने बोलते. पालकांनी भेटावे.' खाली एकच रेघ. मी जेवले.

राहिला अर्ज. अवकाळी पावसात गॅरेज गळायला लागलं, तेव्हा मी पुन्हा भाऊसाहेबांकडे गेले, रियाला घेऊन. त्यांनी विचारलं, "शिफारस?" मी चाचरत होते, तोवर रियानं दप्तर उघडलं. भाऊसाहेबांनी चिठ्ठी हातात घेतली आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशी वाचली. त्यांना वाटलं, सरकारी कागद मोठ्यानंच वाचायचा असतो.

"पुस्तकाचे नाव: आई. काय आवडलं: सगळीकडे बरोबर येते. पेरू धुऊन देते. काय आवडलं नाही:" इथे त्यांनी चष्मा नीट केला, "शेवट आधीच सांगते. पडशील सांगते, भिजशील सांगते, नापास होशील सांगते. मग वाचायला मजा येत नाही. कोणी वाचावं: मी वाचते आहे. शिफारस करते."

कार्यालयात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भाऊसाहेबांनी गंभीरपणे चिठ्ठीवर आवक क्रमांक घातला, गोल शिक्का मारला आणि ती अर्जाला टाचली. माझा दोष आता ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल आहे. माहितीच्या अधिकारात कुणालाही मिळू शकतो.

समाजमंदिराची किल्ली घेऊन आम्ही परत निघालो. वाटेत ओढ्यावरची मोरी आहे. तिला हातभर रुंद कठडा आहे आणि खाली दगड आहेत. रिया नेहमीसारखी कठड्यावर चढली आणि हात पसरून चालायला लागली.

मी तोंड उघडलं. मिटलं. शेवट मनातल्या मनात सांगितला, तीनदा, आणि तिन्ही वेळा ती पडली. प्रत्यक्षात ती टोकापर्यंत गेली, उडी मारून माझ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्या ओढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "कसं होतं?"



"बरं होतं," मी म्हटलं.